एक्केचाळीस पायऱ्या

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास, बाळापूरच्या अलीकडच्या एका गावात एसटी थांब्यावर तुमचा जीव गेला, पुंडलिकभाऊ. समोरचा चहावाला पाणी घेऊन येईपर्यंत तुम्ही बाकावर कलंडला होता. गावातल्या दोघांनी गाडीत घालून तुम्हाला बाळापूरला नेलं. डॉक्टरांनी हृदयविकार असं लिहिलं. गावाचं नाव मी इथे देत नाही. तिथल्या लोकांना आधीच पुष्कळ फोन गेले आहेत आणि त्यातले निम्मे माझे आहेत.

इतकं निश्चित आहे. यापुढे माझा गोंधळ सुरू होतो.

घरी तुम्ही सांगितलं होतं की पातूरला बियाणं आणायला जातो. पातूरला तुम्ही पोचलात. तिथल्या दुकानात मात्र गेला नाहीत. दुकानदार तुम्हाला ओळखतो, त्याने दोनदा सांगितलं. पातूरहून तुम्ही बाळापूरची बस धरली. तिकीट शर्टाच्या खिशात मिळालं. ज्या गावी उतरलात तिथे तुमचं कोणी नातेवाईक नाही. तिथे आहे ती एक जुनी पायविहीर. त्याच विहिरीबद्दल चार दिवस आधी, रविवारी, मी फोनवर तुम्हाला एक वाक्य बोललो होतो. त्या वाक्यामुळे तुम्ही तिथे गेलात का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे. जन्मगाव, शेती, मागे कोण कोण, हे सगळं तुमच्या मुलाने, प्रशांतने, पेपरात दिलं आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही.

आपली ओळखही एका दुरुस्तीतूनच झाली होती. मी अमरावतीची नोकरी सोडून अकोल्याच्या दैनिकाच्या कचेरीत आलो, त्याला थोडेच दिवस झाले होते. रविवारच्या पानावर पातूरच्या लेण्यांचा फोटो छापला होता आणि दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला.

"फोटो आमच्या लेन्यायचा नाही जी."

"तुम्ही कशावरून म्हणता?"

"आमचे खांब म्या लहानपनापासून पाह्यले. हे दुसऱ्याचे खांब हायेत. बिचारे."

तुमचं बरोबर होतं. फोटो भलत्याच जिल्ह्यातला होता. मी दुरुस्ती छापली आणि तुम्हाला कळवलं, तेव्हा तुम्ही पेरूंची पिशवी घेऊन कचेरीत आलात. त्या दिवसापासून मला 'संपादक' म्हणायला लागलात. मी संपादक कधीच नव्हतो, उपसंपादक होतो, हे मी किमान दहा वेळा सांगितलं असेल. "मंग मी तरी कुठं जमीनदार हावो," असं तुमचं उत्तर ठरलेलं होतं.

पण आपल्या सहली सुरू झाल्या त्या पुष्कळ नंतर, मी निवृत्त झाल्यावर आणि तुम्ही स्पेनहून परतल्यावर. तुमची वैशाली आणि जावई माद्रिदला. तुम्ही आणि सुमनवहिनी तिथे दोन महिने राहिलात. जावई दर रविवारी तुम्हाला गाडीत घालून एखाद्या जुन्या गावी न्यायचा. सकाळी निघायचं, दगडी रस्ते, चर्च, किल्ला, पाण्याच्या कमानी बघायच्या, तिथेच जेवायचं, संध्याकाळी परत. परत आल्यावर लिंबाच्या बागेत बसून तुम्ही मला त्यातलं एकच गाव तीन वेळा सांगितलंत.

"गावात शिरलो तं टेबलापाशी एक बाई बसेल होती. तिनं कागद देला. कमानी किती, पायऱ्या किती, घंटा किती. मले त्याहीची भाषा येत नाही, पन आकडे तं आकडेच असतेत. म्या सगयं मोजून पाह्यलं. बरोबर निंगालं."

"मग?"

"मंग काय. आपल्या बाळापूरच्या जुन्या दगडी छत्रीपाशी असा कागद कोन देते? तिथं पान खाऊन थुंकनारा भेटते. आपून कागद करू. तुमी लिवा, मी मोजतो."

असं ठरलं. महिन्यातून दोन रविवार. मी अकोल्याच्या जुन्या शहरातून निघून स्टँडवर यायचो, पातूरला तुम्ही चढायचात किंवा तुम्हीच अकोल्याला यायचात. पुढे एसटी नसेल तिथे काळीपिवळी जीप. मी गावातल्या लोकांशी बोलायचो, जुनी कागदपत्रं कोणाकडे आहेत का विचारायचो आणि तुम्ही खांब, कोनाडे, पायऱ्या मोजत फिरायचात. वहिनी आपल्याबरोबर एकदाही आल्या नाहीत. माद्रिदला चालून चालून गुडघे गेले, आता कोणताच किल्ला नको, असं त्यांचं म्हणणं. मी लेख लिहायचो, तो रविवारच्या पुरवणीत यायचा. तुमच्या आकड्यांशिवाय ते लेख म्हणजे नुसती वर्णनं झाली असती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमच्या पिशवीत नेहमी पेरू असायचे. आधी मला वाटलं जेवणासाठी असतील. ते लोकांसाठी होते. एखाद्या वाड्याचं दार उघडत नसलं की तुम्ही ओट्यावर बसून पेरू कापायचात आणि समोरच्याला फोड द्यायचात. पाच मिनिटांत किल्ली यायची. पत्रकार म्हणून तीस वर्षांत मी ओळखपत्र दाखवून जेवढी दारं उघडली, त्याहून जास्त तुम्ही दोन वर्षांत मीठ लावलेल्या पेरूवर उघडली.

एका गोष्टीवर आपलं कधीच जमलं नाही. दर्यापूरकडच्या एका गावात जुन्या वेशीच्या दोन्ही देवड्यांत लोकांनी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या, भरून ठेवल्या होत्या. मी म्हणालो की हे सारं हटवायला हवं, वेस मोकळी करायला हवी. तुम्ही काळीपिवळीत माझ्या शेजारी दाबून बसला होता आणि रस्ताभर तेच बोलत राहिलात.

"पऱ्हाट्या ठेवतेत म्हनून तं ते छत शाबूत हाये. गळलं तं पऱ्हाट्या भिजतीन, म्हनून मानसं छत पाहतेत. मोकळं करा, मंग पाहा कोन वर चढते ते."

"म्हणून काय वारशाच्या वास्तूत सरपण भरायचं?"

"तिकडं स्पेनमधी लय साफ होतं संपादक. झाडून ठेवेल. पन गावात मानूसच नाही. सुमन मले विचारे, इथले लोक कुठं गेले? मले काय मालूम? कागद देनारी बाई तेवढी. तेबी शहरातून येते म्हने, संध्याकाळी कुलूप लावून जाते."

मी म्हणालो, तुम्ही दोन महिन्यांत किती गावं पाहिली? तुम्ही म्हणालात, सात. मी म्हणालो, सात गावांवरून देश ठरत नाही. तुम्ही ड्रायव्हरला सांगितलंत की हे साहेब वेशीत राहायला जाणार आहेत, त्यांना तिथेच उतरवा. सगळी गाडी हसली.

अचलपूरजवळच्या हौज कटोऱ्यालाही हाच वाद निघाला. कोरड्या हौदात उभ्या असलेल्या त्या अष्टकोनी मनोऱ्याच्या सावलीत एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालात, "हा पाहा माह्यावाला पुरावा." मी तो वाद नंतर कधीतरी नीट मांडू म्हणून सोडून दिला. आता वाटतं, तुमचं निम्मं बरोबर असावं. निम्मं कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता विहिरीकडे येतो.

त्या गावी आपण हिवाळ्यात गेलो होतो. पायविहीर गावाच्या मागे, शाळेला लागून. दोन्ही बाजूंना कोनाडे, मध्ये एक कमान, खाली हिरवं पाणी. मी वरच थांबलो. दोन म्हातारे बोलायला मिळाले होते आणि पायऱ्या निसरड्या होत्या. तुम्ही चपला काढून खाली गेलात. वर आल्यावर वहीत लिहिलंत: पायऱ्या ४१. मी ते तसंच छापलं. मी स्वतः मोजलं नव्हतं.

दोन महिन्यांनी शाळेच्या मास्तरांचं पत्र आलं. त्यांनी मुलांना घेऊन विहिरीवर श्रमदान केलं होतं, मुलांनी पायऱ्या मोजल्या होत्या आणि त्या बेचाळीस भरल्या होत्या. मी सरपंचांना फोन केला. तेही बेचाळीस म्हणाले. मी दुरुस्ती पाठवली. रविवारी ती आली: 'पायऱ्यांची संख्या ४१ नसून ४२ आहे. चुकीबद्दल दिलगिरी.' दहाच्या आत तुमचा फोन.

"मास्तरनं पत्र लिवलं अन् तुमी छापून टाकलं. मले काऊन नाही विचारलं?"

"मास्तरांनी तीस मुलांना घेऊन मोजलं. सरपंचांनीही तेच सांगितलं. दोन स्रोत झाले, पुंडलिकभाऊ."

"मंग मी कोनता स्रोत व्हय?"

मी म्हणालो, "तुम्हाला मोजणं जमत नसेल तर पुढच्या वेळेपासून मी मोजत जाईन."

तुम्ही "बरं जी संपादक," म्हणालात आणि फोन ठेवलात. नेहमी तुम्ही फोन ठेवायच्या आधी पुढच्या रविवारचं विचारायचात. त्या दिवशी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी मी फोन करू शकलो असतो. मी दुसऱ्या एका लेखाचं काम करत होतो. ते फार तातडीचं नव्हतं.

तेराव्यानंतर मी तुमच्याकडे गेलो. ओसरीवर लिंबांचा ढीग होता. वहिनी आणि सूनबाई शंभर-शंभरच्या पिशव्या भरत होत्या. बाजार कोणासाठी थांबत नाही. मी समोर बसलो. वहिनींनी पहिलं लिंबू उचललं, बाजूला परडीत ठेवलं, दुसरं पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "एक."

मी विचारलं, "वहिनी, ते पहिलं?"

"ते देवाचं. ते मोजत नाही."

"दर पिशवीला?"

"दर पिशवीले. लिंबू असो, पेरू असो, फुलं असो. आमच्या इथं तसंच. याहीची माय तशीच मोजे, मंग हे तसेच शिकले."

मी मग विचारलं, भाऊ पायऱ्याही तशाच मोजत असतील का.

वहिनींनी हातातलं लिंबू तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. "पायऱ्या देवाच्या काहून असतीन भाऊ?"

सूनबाई खाली मान घालून हसली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणी हसलं असावं. मग वहिनी म्हणाल्या, "पन हाताले सवय झाली की हात थोडाच विचारते, हे लिंबू हाये का पायरी."

मला वाटलं, उलगडा झाला. घरी येऊन मी आपल्या सगळ्या लेखांची कात्रणं काढली. चार ठिकाणी फक्त तुमचाच आकडा होता. पुढच्या दोन आठवड्यांत मी चारही ठिकाणी जाऊन मोजलं, प्रत्येक ठिकाणी दोनदा. तीन ठिकाणी तुमचा आकडा एकाने कमी निघाला. उरलेल्या एका ठिकाणी, त्या दर्यापूरकडच्या वेशीत, तुम्ही लिहिलेले कोनाडे बरोबर होते. पऱ्हाट्यांच्या मागचेसुद्धा. ते तुम्ही कसे मोजले, मला माहीत नाही. म्हणजे तुमची सवय हे कारण मानावं, तर ते वेशीत का लागू पडत नाही? आणि मानू नये, तर तिन्ही ठिकाणी नेमका एकच कमी कसा? बातमीत मी असं वाक्य लिहिलं नसतं. 'निष्कर्ष काढता येत नाही' एवढं लिहून पुढे गेलो असतो.

वेशीवर एक बाई पऱ्हाट्या उपसत होती. मला ओळखून म्हणाली, "ते पेरूवाले बाबा नाही आले?" मी सांगितलं. तिने हातातली मोळी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्याबरोबर उभी राहिली. ते छत कोरडं होतं, हेही मी पाहिलं.

मग विहिरीच्या गावी गेलो. चार ठिकाणांतलं ते शेवटचं. पायऱ्या बेचाळीस भरल्या. मास्तर तरुण आहेत, भले आहेत, माझ्यापेक्षा जास्त अस्वस्थ आहेत. त्यांना वाटतं, त्यांच्या पत्रामुळे हे झालं. मी त्यांना सांगितलं की पत्र बरोबर होतं. ते म्हणाले, "तेच सांगायचं होतं सर. पत्रात एक लिहायचं राहून गेलं. श्रमदानात मुलांनी तळाचा गाळ काढला. तेव्हा पाणीही बरंच उतरलं होतं. खालची एक पायरी त्या गाळात होती की नाही, ते कोणालाच आठवत नाही. मुलं म्हणतात होती. काही म्हणतात नव्हती."

म्हणजे तुम्ही मोजलंत त्या दिवशी एक्केचाळीस पायऱ्याच डोळ्यांना दिसत असतील, हेही शक्य आहे. मग माझी दुरुस्तीच चुकीची. किंवा निदान अपुरी. तुम्ही त्या गुरुवारी हे तपासायला गेला होता का?

गुरुवारचं मी जेवढं गोळा केलं ते असं. साडेअकराच्या बसने तुम्ही उतरलात. कंडक्टरला तुम्ही आठवता, कारण तुम्ही त्याला पेरू दिला होता. साडेअकरापासून अडीचपर्यंत तुम्ही कुठे होता, हे निश्चित सांगणारं कोणी नाही. मास्तर त्या दिवशी पंचायत समितीच्या बैठकीला गेले होते. शाळेचा शिपाई फाटकावर होता, विहिरीची वाट त्याच्या समोरून जाते. त्याने तुम्हाला पाहिलं नाही, पण मधल्या सुट्टीत तो जेवायला आत होता. विहिरीजवळ धुणं धुणाऱ्या एका बाईंनी वरच्या पायरीवर उभा असलेला एक पांढऱ्या टोपीतला माणूस पाहिला. तो खाली उतरला का? त्यांना माहीत नाही. त्यांचं पुढचं वाक्य होतं, "तो बुधवारबी असू शकते." तुम्ही टोपी नेहमी घालत नव्हता. त्या दिवशी घातली होती का, हे वहिनींना सांगता येत नाही. हॉस्पिटलमधून आलेल्या सामानात टोपी नाही.

सामानात एक कापडी पिशवी, पाण्याची बाटली, वही, बॉलपेन आणि चार पेरू होते. तुम्ही गावात कोणाशी बोलला असाल तर पेरू वाटले असणार, म्हणून मी वहिनींना विचारलं की सकाळी पिशवीत किती टाकले होते. त्या म्हणाल्या, "मुठी भरून टाकले भाऊ. मोजले नाहीत."

वही प्रशांतने मला दिली. म्हणाला, "काका, तुमच्याच कामाची हाये, तुमी ठेवा." विहिरीच्या पानावर ४१ तसाच आहे. खोडलेला नाही, त्याच्या शेजारी ४२ लिहिलेलं नाही. मोजायला गेला असता तर काहीतरी लिहिलं असतं, कारण न लिहिता तुम्ही कधी काही मोजलं नाही. पण मोजून एक्केचाळीसच आले असते तरी पान असंच राहिलं असतं. आणि बेचाळीस आले असते, तर ते माझ्यासमोर लिहावं म्हणून तुम्ही थांबला असता का? मला तुमचा स्वभाव माहीत होता असं मी समजत होतो. हे मात्र मला सांगता येत नाही.

रागावून गेला होता का, हे मी वहिनींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "रविवारी जेवले नाही नीट. सोमवारी जेवले. बुधवारी पेरू तोडत होते तं गानं म्हनत होते." मग म्हणाल्या, "मले काही बोलले नाहीत. बियानं आनतो म्हने. खोटं कशाले बोलले, तेवढं तुमाले कळलं तं मले सांगा."

मी अजून सांगू शकलेलो नाही.

शेवटचं निश्चित विधान चहावाल्याचं आहे. त्याला मी तीनदा भेटलो आणि तिन्ही वेळा त्याने तेच सांगितलं. अडीचच्या सुमारास तुम्ही थांब्यावर आलात. घाम आला होता, पण बोलणं ठीक होतं. कमी साखरेचा चहा मागितलात आणि विचारलंत, "रविवारी सकाळी पातूरहून इकडं गाडी कितीले हाये?" त्याने सांगितलं, आठ दहाची. तुम्ही वही काढून लिहून घेतलंत. मग पाणी मागितलंत.

वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर, तुमच्या अक्षरात, एकच ओळ आहे: 'रविवार, पातूर, ८.१०, दोघं.' रविवार, पातूर आणि आठ दहा हे चहावाल्याला आठवतं. 'दोघं' हा शब्द तुमच्या बोलण्यात आला नव्हता, असं तो म्हणतो. तो फक्त वहीत आहे.